एका पेटीत दोन दुकाने : ग्राफिक्स कार्ड अडते कोठे?

कापडाच्या धंद्यात नमुना आता कागदावर राहिलेला नाही. इचलकरंजी असो, मालेगाव असो की सुरत, गिऱ्हाईक आधी पडद्यावर डिझाइन पाहतो, रंग बदलून मागतो, बुट्टा लहान करून मागतो, आणि मग मालाची बोलणी सुरू होतात. त्यामुळे आमच्यासारख्या लहान पेढ्यांवरही हिशोबाच्या संगणकाबरोबर डिझाइनचा संगणक आला. त्याच्या पाठोपाठ ग्राफिक्स कार्ड आले, आणि कार्डाच्या पाठोपाठ डोकेदुखी आली. या डोकेदुखीविषयी आमच्या व्यापारी बांधवांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख. दुकानदार "कार्ड गेले, नवे घ्या" म्हणतो तेव्हा पुष्कळदा कार्ड चांगले असते, आणि खिशातून मात्र मोठी रक्कम जाते.

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन मागे टाकले की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. दौंड तालुक्यातील हे गाव पूर्वी टोलनाक्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओळखीचे होते. आमचे गोदाम येथे आहे. गोदामाच्या माडीवर आम्ही डिझाइनची एक खोली केली. हे काम पूर्वी आम्ही पुण्याला देत होतो. आता गावातील एक मुलगी आणि आमचा भाचा ते येथेच करतात. दोघांचाही रोजचा बसचा प्रवास वाचतो आणि मजुरी गावात राहते. खोली चालायची तर यंत्र चालले पाहिजे.

यंत्र एकच आहे. मजबूत, भरपूर मेमरीचे. त्यावर हायपरवायझर नावाची व्यवस्था बसवलेली आहे. हायपरवायझर म्हणजे एका मोठ्या इमारतीचे गाळे पाडून देणारा मालक समजा. एका गाळ्यात हिशोबाचे टॅली चालते, दुसऱ्यात डिझाइनचे विंडोज, तिसऱ्यात फाइलींची वखार. प्रत्येक गाळ्याला वाटते की इमारत आपलीच. या गाळ्यांना आभासी यंत्रे म्हणतात. मूळ यंत्राला यजमान म्हणतात आणि आभासी यंत्रांना पाहुणे. हिशोबाच्या गाळ्यात व्हायरस शिरला तर डिझाइनला सहसा थेट धक्का लागत नाही, आणि रात्री तिन्हींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर एकदम काढता येते. व्यापाऱ्याला याचा उपयोग एवढाच, पण तो लहान नाही. विंडोजचा परवाना मात्र प्रत्येक गाळ्याला वेगळा लागतो, हे आधीच हिशोबात धरावे.

हायपरवायझर अनेक आहेत. मोठ्या कंपन्यांत व्हीएमवेअरचे नाव चालत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायमचे परवाने विकणे बंद करून वर्गणीची पद्धत आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटची आवृत्तीही काढून घेतली. ती एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा आली. मधल्या काळात पुष्कळ लहान लोक प्रॉक्समॉक्सकडे वळले. प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाची कंपनी. तिची व्यवस्था २००८ पासून आहे आणि फुकट वापरता येते, मदत हवी असेल तर पैसे भरावेत. तिच्या पोटात लिनक्सचे केव्हीएम आहे, जे २००७ साली लिनक्समध्ये आले. आमच्याकडे हेच आहे.

आता कार्डाकडे येऊ. आभासी यंत्राला हायपरवायझर जो पडदा देतो तो नकली असतो. टॅलीला तो पुरतो. पण कपडा अंगावर कसा पडेल, चुण्या कशा येतील हे दाखवणारे सॉफ्टवेअर त्यावर रडते. म्हणून खरे ग्राफिक्स कार्ड यजमानाकडून काढून सबंध त्या एका पाहुण्याच्या हवाली करायचे. यालाच पासथ्रू म्हणतात. मराठीत किंवा उर्दूत याला शब्द आम्हांस सापडला नाही. मुले पासथ्रूच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

हवाली करणे सोपे वाटते, पण त्यात एक धोका आहे. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिते. कार्ड पाहुण्याच्या ताब्यात गेले की पाहुणा त्याला सांगतो, "दहाव्या कप्प्यात माल ठेव." पण पाहुण्याचा दहावा कप्पा म्हणजे इमारतीचा दहावा कप्पा नव्हे, तो कदाचित चारशे दहावा असेल. कार्डाने पाहुण्याचे शब्दशः ऐकले तर शेजारच्याच्या हिशोबावर डिझाइन छापले जाईल. म्हणून मध्ये एक मुकादम लागतो, जो प्रत्येक पत्ता बदलून देतो आणि परक्या कप्प्याला हात लावू देत नाही. या मुकादमाचे नाव आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय म्हणते. लिनक्समध्ये पाहुण्याला उपकरण सुरक्षितपणे देण्याची आजची रीत व्हीएफआयओ या नावाने २०१२ साली आली, आणि ती सबंध या मुकादमाच्या भरवशावर उभी आहे.

तेव्हा कार्ड चालत नसेल तर पहिला प्रश्न हा की मुकादम कामावर आहे काय? मदरबोर्डाच्या बायॉसमध्ये त्याचे बटण असते आणि पुष्कळ बोर्डांवर ते कारखान्यातून बंद येते. त्याहून वाईट म्हणजे बायॉस नवे केले किंवा त्याची बॅटरी काढली की सगळी बटणे मूळ जागी जातात. काल चालणारे यंत्र आज चालत नाही, आणि कोणी काही केलेले नसते. यंत्र सुरू होताना लिनक्स जी नोंद लिहितो, तीत आयओएमएमयू किंवा डीएमएआर हे शब्द शोधावेत. नसतील तर पुढे जाऊच नये.

दुसरा प्रश्न गटांचा, आणि आमच्या मते सर्वांत जास्त माणसे येथेच फसतात. मुकादम प्रत्येक उपकरणावर वेगळी नजर ठेवू शकत नाही. मदरबोर्डाची रचना जशी असेल तशी काही उपकरणे एका गटात बांधलेली असतात, आणि गट फोडून देता येत नाही. कापडवाल्यांना हे लगेच समजेल. तुम्हांला एकच ताका हवा आहे, पण घाऊक व्यापारी म्हणतो की गठ्ठा फुटणार नाही, घ्यायचा तर सबंध उचला. कार्ड ज्या गठ्ठ्यात आहे त्यातच यजमानाचे नेटवर्क आणि डिस्कचा कंट्रोलर असेल तर काय कराल? सबंध गठ्ठा दिला तर यजमानच उपाशी मरतो. प्रोसेसरला थेट जोडलेला वरचा मोठा स्लॉट बहुधा स्वतंत्र गटात असतो. चिपसेटमार्गे जोडलेले खालचे स्लॉट अनेकदा इतर दहा गोष्टींबरोबर एकाच गठ्ठ्यात येतात.

एसीएस ओव्हरराइड नावाचा एक जुगाड आहे, जो लिनक्सला गट वेगळे आहेत असे भासवतो. भासवतो म्हणण्याचे कारण, तारा आतून जशा होत्या तशाच राहतात. फक्त मुकादमाला सांगितले जाते की मध्ये भिंत आहे असे मान. घरच्या खेळाच्या यंत्राला चालेल. ज्या पेटीत पेढीचा हिशोब आहे तीत आम्ही हे करू देणार नाही.

आमच्याकडे जे घडले ते या दोन प्रश्नांचेच उदाहरण आहे. यंत्र काही महिने बिनतक्रार चालले. लग्नसराईच्या तोंडावर फाइलींना जागा कमी पडू लागली म्हणून एक नवी वेगवान डिस्क बसवायची ठरली. यंत्र देणाऱ्याचा माणूस आला. त्याने डिस्क बसवली, बायॉस नवे केले, आणि कार्डाचा पंखा केबलला घासतो असे म्हणून कार्ड वरच्या स्लॉटमधून खालच्या स्लॉटमध्ये हलवले. तो गेला, आणि यंत्र नेटवर्कवरून गायब झाले. दिवे लागलेले, पंखे फिरतात, पण कोणाच्याही पडद्यावर काही नाही. एका पार्टीचा बयाणा घेतलेला होता आणि आठ डिझाइने चार दिवसांत द्यायची होती. देणाऱ्याने फोनवरच निदान केले, कार्ड गेले आहे, त्याने बोर्डही खाल्ला असेल. नव्या कार्डाचा भाव सांगितला तो ऐकून आमच्या भागीदारांनी डिझाइनचे काम पुन्हा पुण्याला देऊन खोली बंद करण्याची भाषा सुरू केली.

भाच्याने यंत्राला जुना मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला. यजमान जिवंत होता. तिसरी वस्तू आत आल्यावर आतल्या रस्त्यांचे क्रमांक सरकले होते, एवढेच. लिनक्स नेटवर्क कार्डाला त्याच्या स्लॉटच्या पत्त्यावरून नाव देतो. पत्ता तीनचा चार झाला, नाव बदलले, आणि यजमान जुन्या नावाच्या माणसाला हाका मारत बसला. नाव दुरुस्त केले, यंत्र नेटवर्कवर आले. हे नाव नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधून ठेवता येते. मग क्रमांक कितीही सरकोत.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. पासथ्रूची नोंदही पुष्कळदा याच पत्त्यावर केलेली असते. पत्ते सरकल्यावर जुन्या पत्त्यावर कार्डाऐवजी डिस्कचा कंट्रोलर बसलेला असू शकतो. पाहुणा यंत्राबरोबर आपोआप सुरू होण्याची सोय चालू असेल तर तो उठताच तो कंट्रोलर यजमानाच्या हातातून ओढून घेतो, आणि यंत्र दर वेळी उठते नि पडते. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी ती सोय बंद करावी. प्रॉक्समॉक्सच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, उपकरणाची नोंद त्याच्या ओळख क्रमांकासह ठेवता येते. पत्त्यावर भलतेच उपकरण आले तर पाहुणा सुरूच होत नाही. ही नोंद करून घ्यावी.

नेटवर्क आले तरी डिझाइनचा पाहुणा उठेना. "मामू, मुकादमच नाहीये," भाचा म्हणाला. नव्या बायॉसने व्हीटी-डीचे बटण बंद केले होते. ते चालू केले. मग संदेश आला की कार्डाचा गट देण्याजोगा नाही. गट पाहिला तर खालच्या स्लॉटच्या गठ्ठ्यात नेटवर्कही होते आणि साटाचा कंट्रोलरही. केबल बाजूला बांधली, कार्ड वरच्या स्लॉटमध्ये परत गेले, गट स्वतंत्र झाला. पाहुणा उठला. विंडोजने कार्ड ओळखले, त्याचे नाव दाखवले, आणि नावापुढे पिवळे चिन्ह लावले. कोड ४३.

कोड ४३ ची कथा मोठी आहे आणि थोडी मनोरंजकही. विंडोज एवढेच म्हणते की उपकरणाने स्वतःच अडचण कळवली म्हणून ते थांबवले. अनेक वर्षे एनव्हिडियाच्या साध्या जीफोर्स कार्डांचा ड्रायव्हर आपण आभासी यंत्रात आहोत असे ओळखताच हा कोड टाकून बसत असे. आभासी यंत्रांसाठी कंपनीची महाग कार्डे वेगळी होती. लोक मग हायपरवायझरची खूण पाहुण्यापासून लपवून ठेवत आणि कार्ड चालवत. २०२१ मध्ये ४६५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून कंपनीने ही आडकाठी स्वतःच काढली. असे असताना आजही जुने सल्ले फिरतात आणि लोक लपवाछपवीच्या ओळी लिहीत बसतात. आज नव्या ड्रायव्हरवर कोड ४३ आला तर कारण बहुधा दुसरे असते.

ते दुसरे कारण म्हणजे यजमानाने कार्ड आधीच हातात धरलेले असणे. यंत्र सुरू होताना पहिला पडदा जर त्याच कार्डावर निघाला, तर यजमान त्याच्या मेमरीचा एक तुकडा धरून बसतो. नोंदवहीत तेव्हा कार्डाचा बार राखून ठेवता येत नाही अशी ओळ दिसते. दुकानातील एखादा ताका तुम्ही एका गिऱ्हाइकाला उलगडून दाखवत आहात आणि नोकर तोच दुसऱ्याला बांधून देतो आहे, असा हा प्रकार. उपाय दोन. एक, यजमानाचा ड्रायव्हर कार्डाला हात लावण्यापूर्वी व्हीएफआयओने ते ताब्यात घ्यावे. लिनक्सची एलएसपीसीआय ही आज्ञा कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते सांगते. तेथे व्हीएफआयओ-पीसीआय दिसले पाहिजे, नूव्हो किंवा एएमडीजीपीयू नव्हे. दोन, बायॉसमध्ये पहिला पडदा प्रोसेसरमधील अंगच्या ग्राफिक्सवर ठेवावा. आमच्या बायॉसचे हे बटणही मूळ जागी गेले होते. ते बदलले आणि पिवळे चिन्ह गेले. कार्ड तेच आहे, आजही तेच चालते. आठ डिझाइने तिसऱ्या दिवशी रात्री गेली.

यावरून खरेदीविषयी एक गोष्ट निघते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असते त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त पडतो आणि दुकानदार तोच पुढे करतो. पासथ्रू करायचे असेल तर तो घेऊ नये. जमते, पण रोज भांडावे लागते.

कार्ड देताना त्याच्या जोडीची उपकरणेही द्यावी लागतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. प्रत्येक कार्डावर आवाजाचे एक वेगळे उपकरण असते, कारण एचडीएमआयच्या तारेतून आवाजही जातो. काही कार्डांवर यूएसबीची आणखी दोन असतात. यजमानाच्या आवाजाच्या ड्रायव्हरने त्यातले एक धरून ठेवले तरी सबंध काम अडते.

दुसरा एक मर्ज असा की पाहुणा पहिल्यांदा उत्तम चालतो, बंद करून पुन्हा सुरू केला की कार्ड मेल्यासारखे होते आणि यजमानच बंद करून सुरू करावा लागतो. यंत्रात हिशोबाचा गाळाही चालू असेल तर दुपारी सर्वांना उठवणे परवडत नाही. एएमडीच्या पोलारिस, व्हेगा आणि पहिल्या नावी पिढीच्या कार्डांत हा दोष प्रसिद्ध आहे. त्यांना मूळ स्थितीत परत आणण्याची क्रिया नीट होत नाही. व्हेंडर-रीसेट नावाचा लिनक्सचा एक तुकडा पुष्कळांना उपयोगी पडला. जुन्या बाजारात ही कार्डे स्वस्त मिळतात, स्वस्त का मिळतात त्याचे हेही एक कारण समजावे.

मेमरीचा हिशोबही वेगळा होतो. साध्या पाहुण्याला १६ जीबी सांगितली तरी तो वापरेल तेवढीच घेतो, उरलेली इतरांना मिळते. कार्ड दिलेल्या पाहुण्याची सगळी मेमरी पहिल्याच क्षणी खिळ्याने ठोकली जाते, कारण कार्ड कधी कोणत्या कप्प्यात लिहील ते सांगता येत नाही. उधारी बंद, रोख मोजा. यंत्रात ३२ जीबी असताना डिझाइनला २८ देणारे लोक नंतर टॅली का गळाठली म्हणून विचारतात. असा पाहुणा चालू स्थितीत दुसऱ्या यंत्रावर हलवताही येत नाही.

एक कार्ड दोन पाहुण्यांत वाटून देता येईल काय, असे आम्हांस काही बांधवांनी विचारले आहे. येते, त्याला व्हीजीपीयू म्हणतात. लिनक्समध्ये त्यासाठीची चौकट फेब्रुवारी २०१७ मध्ये आली आणि तिच्या दस्तऐवजावर एनव्हिडियाचे नीओ जिया आणि कीर्ती वानखेडे यांची नावे लेखक म्हणून आहेत. जगभरच्या डेटा सेंटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या चौकटीवर वानखेडे हे नाव वाचून आम्हांस आनंद झाला. पण वापरायचे तर त्यासाठीची कार्डे वेगळी आणि महाग, आणि एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरचा परवाना वर आणखी. दोन-तीन खुर्च्यांच्या खोलीला ते गणित बसत नाही. त्यापेक्षा दुसरे लहान कार्ड घ्यावे, बोर्डावर दुसरा स्वतंत्र गट असेल तर. तसा गट आहे काय हे त्या बोर्डावर काम केलेल्या माणसाला खरेदीआधी विचारावे. डब्यावर ते छापलेले नसते.

आणि ज्याला एकच खुर्ची लागते, हिशोब वेगळ्या जुन्या संगणकावर आरामात चालतो, त्याने या भानगडीत मुळीच पडू नये. साधा संगणक घ्यावा, कार्ड लावावे, काम करावे. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, नोंदणी असलेल्या पेढीला धंद्याच्या वापरासाठी त्याची वजावट मिळते. म्हणून बिल पक्के घ्यावे आणि बिलावर बोर्डाचा, कार्डाचा पूर्ण नमुना क्रमांक लिहून घ्यावा. आमच्या प्रकरणात बिलावर नुसते "बोर्ड" लिहिले होते, आणि बायॉसची माहिती शोधण्यासाठी पेटी दोनदा उघडावी लागली.

एक लहान गोष्ट राहिली. डिझाइनची मुलगी पाहुण्यावर आपल्या टेबलावरून, नेटवर्कमधून काम करते. कार्डाला मॉनिटर जोडलेला नाही. मॉनिटर नाही असे दिसले की कार्ड चित्रच काढत नाही किंवा अगदी लहान काढते, आणि वाटते की पासथ्रू पुन्हा बिघडला. यासाठी एचडीएमआयचा एक नकली प्लग मिळतो, जो कार्डाला मॉनिटर आहे असे सांगतो. अंगठ्याएवढा असतो. आमच्याकडे तो कार्डाला लावून वर चिकटपट्टी मारली आहे आणि पट्टीवर भाच्याने तिन्ही भाषांत "काढू नये" असे लिहिले आहे.